लेकीचा फोन वाचला, आता जे कळलंय ते बोलता येत नाहीये

साधीसुधी

नमस्कार. बरीच वर्षं इथे रोमात आहे, म्हणजे नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीये, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक चौदाची आहे. गेल्या वर्षभरात तिच्या खोलीचं दार आधी अर्धं लोटलेलं, मग पूर्ण लोटलेलं आणि आता आतून कडी, असं होत होत आलंय. सुरुवातीला वाटायचं आत अभ्यास चाललाय, मग वाटलं नुसता मोबाईल चाललाय, मग एकदा धुतलेले कपडे ठेवायला गेले तर व्हिडिओ कॉल चालू आणि पलीकडे मैत्रीण, आणि दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या! ती तिच्या वहीत मान घालून, ही हिच्या. मी म्हटलं अगं हे काय, बोलायचं नाही तर कॉल कशाला, तर म्हणे "आई आम्ही एकत्र बसलोय". मला तेव्हा हसू आलं होतं.

तर मुद्दा असा की गेले तीन आठवडे आतून आवाजच येत नाहीये. आधी इतकं खिदळणं चालायचं की मी बाहेरून ओरडायचे, किती तो दंगा म्हणून. आता दार तेच, कडी तीच, पण आत चिडीचूप. जेवायला येते, विचारलं तर "काही नाही", "ठीक आहे", "झोप आलीये" या तीनपैकी एक उत्तर मिळतं. दोन मैत्रिणी आहेत तिच्या पहिलीपासूनच्या, त्यांची नावंसुद्धा निघत नाहीत घरात.

आणि मग गेल्या गुरुवारी ती आंघोळीला गेलेली असताना फोन पलंगावर उघडाच पडला होता आणि मी वाचला. चार मिनिटं असतील फार तर. आयुष्यात पहिल्यांदा केलं असं आणि हात थरथरत होते हे खरं सांगते.

सहाजणींचा ग्रुप होता त्यांचा. त्यातून हिला काढलंय. तीन आठवड्यांपूर्वीच. तो मेलेला ग्रुप हिने डिलीट केलेला नाहीये, उलट सगळ्यात वर पिन करून ठेवलाय, आणि तळाशी ती ओळ येते ना की तुम्ही आता या ग्रुपमध्ये नाही त्यामुळे मेसेज पाठवता येणार नाही, ती. त्याच्या खाली तिने स्वतःलाच मेसेज करतो ना आपण सामानाची यादी वगैरे ठेवायला, तसं स्वतःलाच लिहिलंय. सॉरीचा मेसेज. चार वेळा, चार वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेला, कुणालाच न पाठवलेला.

ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माझ्या मुलीला वाळीत टाकलंय आणि ती उलट स्वतःच माफी मागायच्या तयारीत आहे. नवरा म्हणतो ग्रुपमधल्या एकीच्या आईला फोन लाव आणि सोक्षमोक्ष लाव. पण मग हिला कळणार की मी वाचलं. आणि नाही बोलले तर रोज ताटावर तिचं तोंड बघायचं आणि माहीत नसल्यासारखं वागायचं. कुणी यातून गेलंय का? सांगू का तिला, की ती आपणहून सांगेपर्यंत थांबू?

तिरपागडा

यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. फोन तुमचा, घर तुमचं, बिल तुम्ही भरता. अठरा वर्षांखालच्या पोराला कसली आलीये प्रायव्हसी? आमच्याकडे कडी लावायचीच परवानगी नाही आणि पासवर्ड आईबापाला माहीत असतो, विषय संपला. तुम्ही वाचलंत म्हणून तर कळलं ना? नाहीतर पोरगी आत कुढत बसली असती आणि तुम्ही बाहेर "अभ्यास चाललाय" म्हणत बसला असता.

जुनी_वही

साधीसुधी, तुझ्या जागी मी आई म्हणून नव्हते कधी, पण लेक म्हणून होते.

आम्ही पाच भावंडं, खोल्या दोन. स्वतःची खोली हा शब्दच नव्हता आमच्या डोक्यात. खासगी म्हणायला माझी एक पत्र्याची पेटी होती, तिला कुलूप, आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. त्या पेटीत एक वही. पंधरा वर्षांची असताना माझ्या आत्याने ती वही काढली, आणि नुसती वाचली नाही तर सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचून दाखवली. हसत हसत हं, गंमत म्हणून. त्यात काही भयंकर नव्हतं गं, एका मैत्रिणीबद्दल लिहिलं होतं की ती माझ्याशी बोलली नाही तर दिवस वाया जातो. बस्स. सगळे हसले, मीही हसले.

आता मी अडुसष्ट वर्षांची आहे. त्यानंतर मी स्वतःबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, हा प्रतिसाद सोडून.

तू मोठ्यांदा वाचलं नाहीस, त्यामुळे तुझी आणि आत्याची तुलना करत नाहीये. फक्त एवढंच की त्या आईला फोन लावलास तर ते मोठ्यांदा वाचल्यासारखंच होईल. ते करू नकोस.

बाबा_मोड_चालू

हाहा तिरपागडे, तुमच्यासारखाच होतो मी तीन वर्षांपूर्वी, म्हणून माझी फजिती सांगतो, फुकटात शहाणे व्हा.

मुलगा पंधराचा. दिवसभर खोलीत, हेडफोन लावून, गेम खेळता खेळता कुणाशी तरी बोलतोय, अधूनमधून ओरडतोय. मी आयटीवाला असल्यामुळे मला वाटलं आपल्याला काय अवघड आहे. पालकांसाठीचं एक ॲप टाकलं, लोकेशन दिसायचं, कुठली ॲप किती वेळ ते दिसायचं, मेसेजची नोटिफिकेशनं माझ्याकडे यायची. पहिला महिना मी स्वतःवर एवढा खूश होतो की विचारू नका. चिरंजीव वेळेत घरी, चॅटमध्ये फक्त अभ्यासाच्या नोट्स आणि "गुड नाईट". मी बायकोला म्हटलं बघ, पोरगं सरळ आहे.

मग एकदा त्याची सॅक फाटली म्हणून शिवायला काढली तर आत एक जुनाट फोन, काचेला तडा गेलेला. मित्राचा टाकून दिलेला. सगळं खरं आयुष्य त्या फोनवर चालू होतं आणि मला दाखवायला एक वेगळं अकाउंट, ज्यात दोन मित्र ठरवून एकमेकांना नोट्स पाठवायचे. ठरवून! माझ्यासाठी नाटक चालू होतं रोज आणि मी एकटा प्रेक्षक, तेही पहिल्या रांगेत.

म्हणजे मला तो चोवीस तास कुठे आहे हे मीटरमध्ये माहीत होतं आणि त्याचं नुकतंच कुणाशी तरी फाटलंय, तो रात्र रात्र झोपत नाहीये हे माहीत नव्हतं. ते मला सहा महिन्यांनी कळलं, गाडी धुताना, त्याने आपणहून सांगितलं तेव्हा. ॲप मी त्याच्या देखत काढून टाकलं. जुना फोन त्याच्याकडेच राहू दिला, त्यावरून बायको अजून बोलते.

दुसरीघंटा

मी शाळेत समुपदेशक आहे, अकरा वर्षं झाली. फोनवरून टाइप करतेय, चुकांकडे दुर्लक्ष करा.

बाबामोड यांचा किस्सा वाचून हसले कारण त्याच्यावर चक्क अभ्यास झालेला आहे. आधी वर्षानुवर्षं असं मानलं जायचं की आईबाप मुलांवर नीट लक्ष ठेवतात त्यांची मुलं कमी भरकटतात. हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी स्वीडनमध्ये सातशेहून जास्त चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक घेऊन हे तपासलं, २००० साली ते छापून आलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला की पालकांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते त्यांना कळतं कुठून? उलटतपासणीतून, नियमांतून, की मूल आपणहून सांगतं त्यातून? तर सगळ्यात जास्त कळतं ते मूल आपणहून सांगतं त्यातून. म्हणजे आपण ज्याला लक्ष ठेवणं म्हणत होतो ते बऱ्याच अंशी मुलांचं सांगणं होतं. आणि माझाही अनुभव असा की ज्या मुलांना वाटतं आपल्यावर फार पहारा आहे, ती कमीच सांगतात. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा राग आला होता, कारण माझा अर्धा पगार पालकांना "लक्ष ठेवा" सांगण्याचा होता.

आता साधीसुधीताई, तुमच्या लेकीबद्दल. ग्रुपमधून काढणं हे आपल्याला पोरखेळ वाटतं. २००३ चा एक प्रयोग आहे नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांचा: माणसाला स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर तिघांत चेंडू फेकायचा खेळ द्यायचा, आणि थोड्या वेळाने बाकीच्या दोघांनी चेंडू एकमेकांकडेच टाकत राहायचा, याच्याकडे टाकायचाच नाही. बस, एवढंच. समोर ना ओळखीचं कुणी, ना काही पणाला लागलेलं. तरी शारीरिक दुखण्यात मेंदूचा जो भाग सक्रिय होतो तोच सक्रिय झालेला दिसला. ही कॉलेजची मुलं होती आणि अनोळखी लोकांनी वगळलं होतं. तुमची चौदाची आहे आणि पहिलीपासूनच्या मैत्रिणींनी काढलंय. तेव्हा "नवीन मैत्रिणी मिळतील गं" हे वाक्य कृपा करून म्हणू नका, मी रोज त्याचे परिणाम निस्तरते.

आणि जुनी_वहींशी सहमत, त्या आईला फोन नको. आयांच्या फोनाफोनीनंतर मुली परत एकत्र आलेल्या मी पाहिल्यात, पण बऱ्याचदा त्या आयांसमोरच एकत्र असतात.

ग्रंथाळ

अवांतर होईल थोडं पण राहवत नाही. बंद खोली म्हणजे मूल एकलकोंडं झालं हा समज फार जुना आहे. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या दोघींनी दाखवून दिलं होतं की तरुण पिढीवरचं सगळं संशोधन रस्त्यावर, नाक्यावर टोळ्या करून उभ्या असणाऱ्या मुलग्यांवर चाललंय, मुली कुणाला दिसतच नाहीत कारण त्या घरात आहेत, एकमेकींच्या खोलीत बसून गाणी ऐकतायत, पोस्टर लावतायत, केस करून बघतायत, तासन् तास गप्पा मारतायत. नाक्यावर जे चालतं तेच आत चालतं, फक्त दाराआड. आता फोनमुळे मुलगेही आत आलेत आणि नाकाही आत आलाय, एवढाच फरक.

तिरपागडा, अठरा वर्षांखालच्यांना प्रायव्हसी नसते म्हणालात म्हणून: संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं सोळावं कलम नेमकं त्यावरच आहे, मुलाच्या खासगी आयुष्यात, पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होऊ नये असं. आणि त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचंच.

तिरपागडा

कलमं वगैरे ठीक आहे, कलम काय रात्री दोन वाजता माझ्या घरी येणार नाहीये. मला एवढंच सांगा, पलीकडे मैत्रीण म्हणून चाळीस वर्षांचा माणूस बसलेला असला तर? तेव्हाही दारावर टकटक करून विचारायचं का की बाळा आत येऊ?

दुसरीघंटा

हा प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर गुळमुळीत देऊन चालणार नाही.

काही गोष्टींत दार उघडायचंच. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं किंवा लिहिलं असेल, अंगावर जखमा दिसत असतील, अनोळखी मोठं माणूस भेटायला बोलावत असेल किंवा "आपल्यातलं आपल्यातच ठेव" म्हणत असेल, फोटोवरून कुणी धमकावत असेल, तेव्हा प्रायव्हसी बाजूला. पण तेव्हाही सांगून उघडायचं, "मला भीती वाटतेय म्हणून मी बघणार आहे" असं, चोरून नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, आंघोळ, आवडीचे उद्योग असं सगळंच एकदम बिघडलेलं असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्यायचं, घरात अंदाज बांधत बसायचं नाही. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येईल अशी भीती बऱ्याच पालकांना असते, तसं होत नाही, उलट विचारल्याने मोकळं होतं.

फोटोवरून ब्लॅकमेल हा प्रकार माझ्याकडे आता मुलग्यांचा जास्त येतो, त्याबद्दल दोन वाक्यं. पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे, ब्लॉक करायचं, पोलिसांत जायचं. आणि टेक इट डाऊन नावाची मोफत सोय आहे, २०२३ पासून, अठरा वर्षांखाली काढलेल्या फोटोंसाठीच. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा एक आकडेमोडीचा ठसा तयार होतो आणि ज्या कंपन्या सहभागी आहेत त्या तो ठसा जुळणारा फोटो शोधून काढून टाकतात. पण मूल हे आईबापाला कधी सांगेल, तर त्याला खात्री असेल की फोन काढून घेतला जाणार नाही तेव्हाच. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराचं पहिलं वाक्य "बाबांना सांगू नका" हे असतं, धमकी देणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं आणि त्याच्यावरच त्याचा धंदा चालतो.

साधीसुधीताई, तुम्ही जे वाचलंत ते यातलं काहीच नाही. ते दुःख आहे, धोका नाही. तरी झोप आणि जेवण कसं आहे ते सांगाल का?

साधीसुधी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. जुनी_वही, तुमची पेटी वाचून रडू आलं.

दुसरीघंटा, जेवते नीट. आंघोळ वगैरे सगळं वेळच्या वेळी. चित्रं काढते ती, तेही चालू आहे. झोपेचं मात्र काही खरं नाही, साडेबारा एकला दाराखालून उजेड दिसतो आणि सकाळी उठता उठत नाही.

दुसरीघंटा

उशिरा झोप लागणं हे त्या वयात थोडं शरीराचंही असतं. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री तास दीड तास उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे दहाला "झोप आता" म्हटलं तर तिला खरंच झोप येत नसते. पण लागते आठ ते दहा तास. आमच्याकडे पालकांना सांगते की रात्री सगळ्यांचे फोन खोल्यांच्या बाहेर एका जागी चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे तुमचेही. इथे बहुतेक बाबा लोक मीटिंग सोडून जातात.

कोरंपान

हाय. मी १९ ची आहे, या धाग्यावर सगळे आईबाबा दिसतायत म्हणून म्हटलं दाराच्या आतून कुणीतरी लिहावं.

काकू, तुमची लेक व्हिडिओ कॉलवर गप्प बसते ना, ते मीही करायचे. अजून करते, हॉस्टेलवरून. लोकांना वाटतं फोन म्हणजे बडबड. आमची एक मैत्रीण होती तिच्या घरी खूप भांडणं चालायची, ती कॉल लावून फोन उशीजवळ ठेवायची आणि मी इकडे गणितं सोडवायचे, बास, ती झोपली की मी कट करायचे. माझ्या आईला वाटायचं मी टाइमपास करतेय आणि मी तिला खरं सांगू शकत नव्हते कारण ते माझं नव्हतंच सांगायला, मैत्रिणीचं होतं. हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही कधी, की आमच्या खोलीत आमचीच नाही, आणखी चार घरांची गुपितं असतात. माझा फोन वाचला म्हणजे तुम्ही त्या चार घरात पण डोकावलात.

बाकी दाराआड काय चालतं विचाराल तर बरंच काही एकदम फालतू असतं. आरशासमोर भांडणाची प्रॅक्टिस. उद्या ती असं म्हणाली तर मी असं म्हणणार. रडणं, मग रडताना आपण कसे दिसतो ते बघणं. कुणीतरी लास्ट सीनला ऑनलाइन दिसतंय आणि ब्लू टिक येऊन रिप्लाय नाही, त्यावर अर्धा तास. स्नॅपचॅटवरच्या स्ट्रीक सांभाळणं, म्हणजे रोज न चुकता एकमेकांना स्नॅप पाठवत राहायची साखळी, चोवीस तासांत दोघांनीही एकमेकांना स्नॅप नाही पाठवला तर ती तुटते आणि त्याआधी नावापुढे वाळूचं घड्याळ येतं, ते आलं की पोटात गोळा यायचा माझ्या. आता हसू येतं, तेव्हा नाही यायचं.

आता मुद्द्याचं. माझ्या आईनेही वाचले होते माझे चॅट्स, मी नववीत असताना, आणि तुमच्यासारखंच तिने ठरवलं की सांगायचं नाही. मला दोन दिवसात कळलं. कसं, तर तिला अचानक फार समजायला लागलं! भाजी निवडता निवडता मधेच "कुणावर एवढंही अवलंबून राहू नये हो". मी काही बोललेलेच नसताना "खऱ्या मैत्रिणी अशा वागत नाहीत". माझ्याकडे असं बघायची जसं कुणी आजारी माणसाकडे बघतं. मी पासवर्ड बदलला आणि पुढची दोन वर्षं तिला हवामानाच्या बातम्यांसारखी उत्तरं दिली. राग वाचल्याचा होताच पण त्याहून जास्त नाटकाचा होता. तिने वाचलंय हे मला कळलेलं होतं आणि ती मात्र मला माहीतच नाही असं समजून वागत होती.

त्यामुळे सांगा. लवकर सांगा. पण तिच्या खोलीत जाऊन पलंगावर बसून नका सांगू, तिला तिथून उठून जाता येत नाही. बाहेर कुठेतरी, चालता चालता वगैरे, जिथे तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि "पण मी तुझ्या काळजीपोटी" ही शेपटी नका लावू. वाचलं, चुकलं, परत नाही करणार, एवढंच. आणि ग्रुपबद्दल काय करायचं ते अजिबात सुचवू नका.

बाबा_मोड_चालू

कोरंपान, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावावा असा आहे.

दुसरीघंटा

+१. मला पगार मिळतो आणि हिने फुकटात जास्त चांगलं सांगितलं.

एकच पुरवणी. ती बोलली तर ऐका, पण रोज तेच तेच उगाळायला बसवू नका. अमांडा रोझ यांचा २००२ चा अभ्यास आहे, मैत्रिणी मैत्रिणी एकच दुःख परत परत घोळवत बसतात त्याबद्दल. मैत्री घट्ट होते त्याने, पण उदासपणा आणि काळजी पण जास्त दिसते, आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त. आया पण सामील होतात यात. "आज काय झालं? काही बोलल्या का त्या?" असं रोज संध्याकाळी विचारणारी आई मी पाहिलीये, मुलगी सावरली होती, आईच सावरली नव्हती.

तिरपागडा

मी पासवर्ड घेतलेला सोडणार नाहीये. पण ते आजारी माणसाकडे बघितल्यासारखं, ते जरा लागलं.

साधीसुधी

आठवडा झाला, कळवायचं होतं.

सांगितलं. शनिवारी दोघी चालायला गेलो होतो तेव्हा, कोरंपानने सांगितलं तस्सं, तोंडाकडे न बघता. वाचलं, चुकलं, परत नाही करणार. शेपटी लावायची नाही असं घोकून गेले होते तरी अर्धी लागलीच. ती थांबली, म्हणाली "कधी?" मग "किती वाचलंस?" मी म्हटलं ग्रुप आणि तू स्वतःला लिहिलेलं. त्यानंतर घरी येईपर्यंत एक शब्द नाही. घरी आल्यावर दार. कडी. पासवर्ड बदलला असणार, मी बघितलं नाही. दोन दिवस बोलली नाही, म्हणजे आधीची ती तीन उत्तरंपण बंद. नवरा म्हणाला झालं समाधान?

मंगळवारी रात्री मी इस्त्री करत होते तर बाहेर येऊन शेजारी उभी राहिली. म्हणाली "तुला वाटतंय ना त्या वाईट आहेत". मी काही बोलले नाही, खरं तर हो म्हणायच्या बेतात होते. तर म्हणाली, "मीच केलंय आई". आणि मग सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नसेल. त्यांच्यातल्या एकीने हिला रात्री रडत रडत एक व्हॉइस मेसेज पाठवला होता, घरातलं काहीतरी, काय ते हिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो हिने दुसरीला ऐकवला. फक्त एकीला, ती मदत करेल म्हणून, असं म्हणाली. त्या एकीकडून तो फिरला आणि ज्या मुलीचा होता तिच्यापर्यंत परत आला.

मी तीन आठवडे, सॉरी, वाचल्यापासूनचे दिवस, त्या पाच पोरींना मनातल्या मनात काय काय म्हणत होते. एकीच्या आईला फोन लावायला निघाले होते! लावला असता तर कुठल्या तोंडाने परत घेतला असता कोण जाणे. फोन पूर्ण उघडा होता माझ्या हातात आणि मला नेमकं उलटं कळलं होतं.

मी तिला जवळ घ्यायला गेले तर म्हणाली इस्त्री बंद कर आधी.

नंतर मला खोलीत बोलावलं. किती महिन्यांनी गेले असेन, कपडे ठेवायला सोडून. पाचवा मसुदा दाखवला, सॉरीचा. मी दोन ठिकाणी म्हटलं हे असं लिही, तर दोन्ही बदल तिने धुडकावले, म्हणे "आई हे तुझ्यासारखं वाटतं". मग म्हणाली आता जा.

पाठवला की नाही माहीत नाही. विचारलेलं नाही.